रुखमाबाईची अडलेली ओळ

येशूने शिकवलेली प्रार्थना रुखमाबाई बापाच्या नावापासून सुरू करायची आणि रोजच्या भाकरीपर्यंत एका दमात यायची. आंबेटोल्यात भाकर कोणी खात नाही, म्हणून लटारू मास्तर त्या जागी भात म्हणायला शिकवायचा. पाळकसाहेबांनी दोनदा टोकलं, तरी पुढच्या रविवारी पुन्हा भातच. तर भातापर्यंत रुखमाबाई बिनचूक यायची. त्याच्यापुढे माफीची ओळ होती. दुसऱ्यांना आम्ही माफ केलं तसं तू आम्हाला कर, एवढीच. तिथे आली की तिचं तोंड मिटायचं.

"जसं आमी..." लटारू पुढचा शब्द द्यायचा.

रुखमाबाई भिंतीकडे पाहायची.

"म्हणा बाई. जसं आमी माफ केलं..."

"नाई येत जी."

"मांगच्या रविवारी तं आख्खी गोष्ट म्हणून दाखवली तुमी. मंग एवढीशी ओळ काऊन नाई येत?"

"थे येते. हे नाई येत."

मागे बसलेला इतवारी खुसखुसायचा. त्याची बायको त्याला कोपराने ढोसायची. बाप्तिस्म्याच्या वर्गात ही तिघंच होती. दिवाळी झाली की मूल गावाहून वामनराव पाळक येणार, तलावावर तिघांची प्रार्थना ऐकणार आणि मगच पाण्यात उतरवणार. लटारूच्या हातून चार वर्षांत एकच बाप्तिस्मा झाला होता, तो रुखमाबाईच्या लेकीचा, कमलाचा. यंदा तिघं तयार झाली तर पाळकसाहेबांपुढे मान वर करून उभं राहता आलं असतं.

लटारू शाळेतला मास्तर नव्हे. आंबेटोल्यातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात तो रविवारी शिकवायचा आणि मागच्या दोन खोल्यांत राहायचा. बाकी सहा दिवस तो तलावाखालच्या आपल्या धानाच्या दोन बांध्यांत गुडघाभर चिखलात असायचा. शिकवण्याचं त्याला मनापासून वेड होतं, पण वेड असलं म्हणजे शिकवता येतं असं नाही. तो बोलायला लागला की म्हातारी माणसं भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि उघडायची ती एकदम शेवटच्या भजनाला. मागच्या वर्षी हे वामनरावांनी स्वतः पाहिलं.

"लटारू, तुमच्या वर्गात लोक झोपतात," ते म्हणाले, तेही सगळ्यांच्या देखत.

मग त्यांनीच त्याला आश्विनात चंद्रपूरच्या शिबिराला पाठवलं. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचं शिबिर. तिथून तो फलालीनचं एक निळं कापड आणि कागदी चित्रांची चळत घेऊन आला. बांबूच्या चौकटीवर कापड ताणायचं आणि पाठीमागे लव चिकटवलेली चित्रं त्यावर नुसती दाबायची, ती चिकटून राहतात. मेंढपाळ, मेंढ्या, नाव, वादळ. पहिल्या रविवारी लोक उठून जवळ आले, बोटांनी चाचपून गेले. पण प्रार्थनाघराच्या पत्र्याखाली ओल असायची. गोष्ट रंगात आली की मेंढपाळ डोक्यावर पडायचा, मग मेंढ्या, आणि लटारू वाकून वाकून गोळा करायचा. आता लोक झोपत नव्हते, हसत होते.

शिबिरात आणखी एक सांगितलं होतं. आपणच बोलू नये, विचारावं. आणि दाखला पुस्तकातला देऊ नये, समोरच्या माणसाच्या जगण्यातला काढावा. लटारूने ते पाठ करून ठेवलं होतं. त्या रविवारी, रुखमाबाई पुन्हा अडली तेव्हा, त्याला ते आठवलं.

"बरं, ओळ ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मी इचारतो, तुमी सांगा. तुमाले कोणी दुखवलं असंन ना, बाई? कोणाचंबी होते. त्या माणसाचं एक उदाहरण द्या. मंग त्याले माफ कसं कराचं थे आपण पाहू."

रुखमाबाईने पदर सारखा केला. तिचे हात काळे होते, नखांच्या कडांत कोळसा रुतून बसलेला. वर्ष झालं तरी तो निघाला नव्हता.

"सांगू?"

"सांगा ना. त्याच्यासाठीच तं वर्ग हाये."

"थो माणूस समोर बसला असंन तं?"

इतवारीचं खुसखुसणं थांबलं. लटारूने आधी इतवारीकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे. समोर म्हणजे आपण, हे त्याच्या डोक्यात यायला जरा वेळ लागला.

"मी?"

"मांगच्या साली पाणी अडवलं तुमी," रुखमाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन खेपा तलाव सोडला पत्रूनं. दोन्ही खेपा तुमची बांधी भरली, अन् माह्या बांधीत थेंब नाई उतरला. तुमच्या धुऱ्यावर उभी ऱ्हाऊन मी आवाज देल्ला. तुमची कांताबाई म्हणे, मास्तर आल्याबिगर धुऱ्याले हात नाई लावत. धान पोटरीत जळला. मंग खाईन का? माजरीच्या खाणीवर गेलो कोळसा उचलाले. कमलाले ताप होता, घरी ठेवून गेलो. तिकडून आलो तं तुमी तिले पुरून मोकळे झालते."

"पाणी सुटलं तवा मी तं चंद्रपूरले होतो, बाई."

"हो जी. तुमी शिकाले गेल्ते."

एवढं बोलून ती उठली नाही की रडली नाही. पुढचा पाठ सुरू व्हायची वाट पाहत तशीच बसून राहिली. फलालीनवरचा मेंढपाळ त्या दिवशी पडला नाही, आणि लटारूला वाटलं, पडला असता तर बरं झालं असतं. निदान वाकायला मिळालं असतं.

तलावाखालच्या शेतीत एक रीत आहे. पाणी पाटाने वरच्या बांधीत येतं. ती भरली की वरचा माणूस आपल्या हाताने धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्याला पाणी देतो. खालच्याने वरच्याच्या धुऱ्याला हात लावायचा नसतो. माणूस डोळ्यांदेखत पीक जळताना पाहील, पण दुसऱ्याच्या धुऱ्यात फावडं घालणार नाही. घातलं की गाव त्याला चोर म्हणणार. लटारूच्या बांधीखाली रुखमाबाईची एकच बांधी होती, ओळीतली शेवटची.

घरी आल्यावर लटारू बायकोवर उसळला. कांता चुलीपुढे बसून तांदूळ पाखडत होती. लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला आलेली, भिंतीशी पाय पसरून बसलेली.

"मांगच्या साली धुरा काऊन नाई फोडला तुनं?"

कांताने सूप खाली ठेवलं. "आज कुठून आलं हे?"

"फोडला असता तं का बिघडलं असतं? आपली तं कापेपर्यंत ओली होती बांधी. चिखलात उभं ऱ्हाऊन कापणी केली आपण."

"मले कोण म्हणून गेल्तं? पेटी उचलली, अन् दारातून म्हणाले, मी येतपर्यंत धुऱ्याले हात लावजो नोको. म्हणाले का नाई?"

लटारू म्हणाला होता. तेव्हा त्यात काही वाईट वाटलं नव्हतं. कोरडं साल होतं, पाणी बांधीत असलेलं बरं, एवढाच विचार. खाली कोणाची बांधी आहे ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने तिकडे मन जाऊच दिलं नव्हतं.

"थे आली होती," कांता हळू आवाजात म्हणाली. "दोन खेपा आली. मले वाटलं फोडावा. पण तुमी येऊन आरडाओरड कराल, हे भेव वाटलं." आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "आता माह्यावर काऊन उलटून राह्यले? सांगणारे तुमी, अन् वाईट मी?"

लटारू बाहेर ओट्यावर येऊन बसला. कमलाला त्यानेच पुरलं होतं. प्रार्थनाघरामागे काटेरी तारेच्या आत ख्रिस्ती लोकांची जागा आहे, तिथे. त्या दिवशी तो सुरेख बोलला होता, बायका रडल्या होत्या, आणि आज आपल्याला चांगलं बोलता आलं याचं त्याला मनातून बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता त्याला आठवलं. रुखमाबाई वर्गात येत होती ती कमलासाठी. तारेच्या आत फक्त बाप्तिस्मा झालेली माणसं जातात. "मले माह्या पोरीच्या बाजूले झोपाचं हाये," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला दुसरं कोणी नव्हतं.

यंदाही साल वाईटच होतं. आश्विन लागला तसा पावसाने पाय मागे घेतला तो घेतलाच. तलाव मधल्या खोलगटीत आक्रसला होता आणि चहूकडे भेगाळलेला गाळ उघडा पडला होता. उशिरा पिकणारं जड धान निसवायला, लोंब्या टाकायला आलं होतं, नेमकं पाण्याच्या वेळेला. तलावाचं दार उघडणारा पत्रू घरोघरी सांगत फिरला, "एकच पाणी सुटंन, भाऊ. हे शेवटचं. मंग मले शिव्या देजा नोको."

लटारूची पाळी आली त्या दिवशी ऊन असं होतं की धुऱ्यावर अनवाणी पाय ठरत नव्हता. पाटातून पाणी आलं, बारीक, मातकट. कांता आणि लटारू दोघेही फावडी घेऊन उभे होते. पाणी पहिल्या बांधीत पसरलं, भेगांत शिरलं, भेगांतून बुडबुडे वर आले. दुपार होईपर्यंत पहिली बांधी घोटाभर भरली आणि दुसरीत पाणी उतरू लागलं. खाली, आपल्या बांधीच्या कडेला, रुखमाबाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर फावडं. ती हाक मारत नव्हती. मागच्या वर्षी मारून झाली होती.

दुसरी बांधी निम्मी भरली असेल नसेल, लटारूने फावडं उचललं आणि धुऱ्याच्या दिशेने चालू लागला.

"कुठी चाल्ले?" कांता म्हणाली.

तो चालत राहिला.

"अजून मुळंबी नाई भिजले नीट! थांबा ना वो जरा!"

त्याने पहिला घाव घातला. धुऱ्याची वरची माती वाळून दगड झाली होती, फावडं टणकन उडालं. दुसऱ्या घावाला ढेकूळ निघालं. कांता पाण्यातून पाय ओढत धावत आली आणि त्या जागी उभीच राहिली, दोन्ही पाय रोवून.

"माह्या पायावर मारा आता."

"हट, कांता."

"नाई हटत. घरी पोरगी दिवसात हाये. उद्या तिले भात कोण घालंन, पाळकसाहेब? रविवारी तुमी चित्रं चिकटवा, मले काई नाई म्हणाचं. पण हे चित्र नोहे जी, हे धान हाये!"

लटारूने फावडं खाली टाकलं, तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि तिला बाजूला केलं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. त्याने तिच्यावर कधी हात टाकला नव्हता. कांताचा पाय घसरला आणि ती बांधीत बसकण मारून पडली, धानाची दोन रोपं तिच्याखाली मोडली. ती उठली नाही. पाण्यात तशीच बसून, तोंडाला पदर लावून ती पाहत राहिली. लटारूने धुरा फोडला. पाणी आधी धारेने गेलं, मग कडा ढासळल्या आणि लोटाने गेलं.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात निव्वळ पश्चात्ताप नव्हता. पाणी दिलं की ओळ सुटेल, ओळ सुटली की तिसरा बाप्तिस्मा होईल, हा हिशेब त्यात होता. दोन्ही इतके मिसळले होते की कुठला कुठे संपतो ते त्यालाही सांगता आलं नसतं.

खाली रुखमाबाई उठली. तिने फावड्याने आपल्या बांधीतलं पाणी कोपऱ्याकोपऱ्यात वळवलं. लटारू धुऱ्यावर उभा होता, काही बोलेल म्हणून. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

दिवाळी झाली. लटारूच्या पहिल्या बांधीत लोंब्या भरल्या. दुसरीत वर पाहायला लोंबी, चिमटीत धरली तर पोचट. रुखमाबाईची बांधी फार नाही, पण पिकली. कांता नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती. "जेवण वाढलं हाये." "बैल सुटला हाये." बस्स.

वामनराव पाळक सकाळच्या एसटीने आले. पांढरा सदरा, पांढरी पँट. तलाव पाहून ते जरा थबकले. पाणी गुडघ्याला लागेल एवढं, आणि तिथवर जायला गाळ तुडवावा लागणार. त्यांनी पँट वर दुमडली, चपला काढून हातात घेतल्या, आणि हातात चपला धरून पवित्र शास्त्राचं पुस्तक कसं उघडायचं हे न कळून त्या इतवारीकडे दिल्या. काठावर गावातली दहा-पंधरा माणसं उभी होती. कांताही आली होती, सगळ्यांच्या मागे.

आधी इतवारीने प्रार्थना म्हटली. माफीच्या ओळीवरून तो असा सुसाट गेला की काही विचारू नका. सख्ख्या भावाशी तो आंब्याच्या झाडावरून सहा वर्षं बोलत नव्हता, आणि तो भाऊ तिथेच काठावर विडी ओढत उभा होता. मग त्याच्या बायकोने म्हटली. मग रुखमाबाई पुढे आली. काखेत कोरड्या लुगड्याचं गाठोडं, बाहेर आल्यावर नेसायला आणलेलं.

ती भातापर्यंत आली आणि थांबली.



"विसरलात का, बाई?" वामनराव प्रेमाने म्हणाले. "मास्तर, जरा सांगा त्यांना."

"इसरलो नाई," रुखमाबाई म्हणाली.

"मग म्हणा ना."

"खरं नाई होत साहेब. मी एका माणसाले माफ नाई केलं. करून पाह्यलं. नाई झालं. मंग केलं म्हणून कसं म्हणू? अन् थे म्हणून, देवाले म्हणाचं का माह्यासारखंच तूबी कर? मंग थो मले कसा माफ करंन?"

काठावर कोणी खोकलं. वामनराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अडचण होती.

"कोण माणूस?"

रुखमाबाई गाळातल्या आपल्या पायांकडे पाहू लागली. ती सांगणार नव्हती. हे लटारूला कळलं, आणि आपण गप्प राहिलो तरी चालेल हेही त्याच क्षणी कळलं. इतवारीला ठाऊक होतं, पण इतवारीच्या हातात पाळकसाहेबांच्या चपला होत्या, तो काही बोलणार नव्हता.

"मी, साहेब," लटारू म्हणाला.

मग त्याला सगळं सांगावं लागलं, काठावरच्या सगळ्यांदेखत. पाणी, धुरा, शिबिर, माजरी, कमला. ते सांगताना त्याने कांताचं नाव घेतलं नाही. मी सांगून गेलो होतो, एवढंच म्हणाला.

"आणि हे तुम्ही मला आज सांगता?" वामनराव म्हणाले. "ज्यांना शिकवायचं त्यांच्याशीच... आणि तरी वर्ग घेत राहिलात?"  त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "नाताळापर्यंत वर्ग चालवा. मग मी मूलहून दुसरं कोणी पाठवतो. आणि रुखमाबाई, तुम्ही यंदा थांबा. ही अट माझी नाही. मनात गाठ असताना पाण्यात उतरवणं मला जमणार नाही."

"हो जी." ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मंग कमलाच्या बाजूची जागा?"

"पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या साली मी राह्यलो तं," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

इतवारी आणि त्याची बायको गाळातून पाण्यापर्यंत गेले. पाणी कमी, म्हणून वामनरावांनी त्यांना आधी खाली बसवलं आणि मग मागे झुकवून बुडवलं. इतवारीची बायको बाहेर आली ती काकडत, अंगाला लुगडं चिकटलेलं. दुसरं आणायला ती विसरली होती. रुखमाबाईने काखेतलं गाठोडं सोडलं, आपलं कोरडं लुगडं तिच्या अंगावर टाकलं आणि घराकडे चालू लागली.

लटारूला तिची दया यायला हवी होती. आली नाही. त्याला राग आला होता. पाणी दिलं हिला. अर्धी बांधी पोचट करून घेतली. बायकोला चिखलात पाडलं. चारचौघांत तोंड काळं करून घेतलं. नाताळानंतर शिकवणं गेलं, ते गेलं की या दोन खोल्याही जाणार. आणि ही बाई एक ओळ म्हणायला तयार नाही! म्हटली असती तर हिच्या बापाचं काय गेलं असतं? एकदा मुखाने म्हणायची आणि मोकळं व्हायचं, सगळे तेच करतात.

"झालं समाधान?" कांता वाटेत म्हणाली. कितीतरी दिवसांत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्याच आठवड्यात वच्छला बाळंत झाली, मुलगी झाली. मऊ कापड घरात दुसरं नव्हतं. कांताने बांबूच्या चौकटीवरचं निळं फलालीन उतरवलं, दोन तुकडे केले आणि त्यात बाळाला गुंडाळलं. लटारूने पाहिलं आणि काही म्हटलं नाही. कापडाला पहिल्यांदाच योग्य काम मिळालं होतं.

रविवार आला. लटारूला वाटलं, आता रुखमाबाई यायची नाही. मनातून त्याला ती यायला नकोच होती. घंटा वाजवली, चटया टाकल्या. पाच-सहा माणसं आली. इतवारी आला, बायको आली, तिने ते लुगडं धुऊन घडी करून आणलं होतं. आणि मागून रुखमाबाई आली. नेहमीच्या जागी, खांबाशी बसली. लुगडं घेतलं, मांडीखाली ठेवलं.

लटारूने तिच्याकडे पाहायचं टाळलं. चित्रं नव्हती, कापड नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. तो म्हणायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. बापाचं नाव झालं. राज्य झालं. भात झाला.

मग तो थांबला.

तोंड उघडं होतं. ओळ त्याला लहानपणापासून येत होती, झोपेत उठवलं तरी आली असती. पण मिटल्या डोळ्यांपुढे तीच बाई खांबाशी बसली होती आणि मनात तोच राग होता. माफ केलं म्हणायचं होतं, आणि केलेलं नव्हतं. इतकी वर्षं तो ही ओळ हजारदा म्हणाला होता, शिकवली होती, चित्रं लावून शिकवली होती, आणि आज ती पहिल्यांदाच त्याला अडली.

बाहेर कांता पोचट बांधीतून आणलेलं तणस, धानाचा पेंढा, बैलासाठी कापत होती. विळ्याचा आवाज सावकाश येत होता.

"जसं आमी..." इतवारीने मागून शब्द दिला. मास्तर विसरले असतील म्हणून.

लटारूने डोळे उघडले. "नाई येत," तो म्हणाला.  त्याने रुखमाबाईकडे पाहिलं. "मले नाई म्हणता येत, बाई. तुमच्यावर राग हाये माहा."

इतवारीची बायको नवऱ्याकडे पाहू लागली. 

रुखमाबाई रागावली नाही. ती हसलीही नाही. तिने फक्त मांडी जराशी आवरली आणि आपल्या बाजूची चटई हाताने झटकली.

"या मंग, मास्तर," ती म्हणाली. "मी सालभर इथीच बसून हाये. जागा हाये."

लटारू उभा होता तिथून खाली आला आणि तिच्या शेजारी, खांबाच्या पलीकडे, चटईवर बसला. पुढची ओळ कोणी म्हटली नाही. बाकीचे थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनीही डोळे मिटले.